धुळीचं क्रियापद

केकवर पिठीसाखर भुरभुरवतात, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. निफाडकडच्या आमच्या घरात केक म्हणजे वाढदिवसाला बेकरीतून येणारा, वर गुलाबी क्रीमचं फूल असलेला प्रकार. त्या फुलावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. केकच्या पाठीवर साखर आहे की नाही, हे बघायला उसंत कुणाला होती? अशा अडाणी अवस्थेत एका इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकाचं भाषांतर माझ्याकडे आलं. रात्री ओटा पुसून झाला की जेवणाच्याच टेबलावर मी लिहायला बसायची. एका कृतीच्या शेवटी डोळ्यांवर झोप असताना एक सूचना आली : केक पिठीसाखरेने 'डस्ट' करा. डस्ट करणं म्हणजे धूळ झटकणं, एवढं इंग्रजी मला शाळेपासून पक्कं येत होतं. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, 'केक पूर्ण गार झाल्यावर त्यावरची पिठीसाखर हलक्या हाताने झटकून टाकावी.'

मुद्रितं तपासणारे गृहस्थ जुन्या वळणाचे आणि मोजकं बोलणारे होते. पानं परत आली तेव्हा त्या ओळीपाशी समासात लाल शाईत एवढंच लिहिलेलं होतं : 'बाई, साखर घातली केव्हा होतीत?'

मी शब्दकोश उघडला आणि थक्क झाले. एकाच क्रियापदाखाली दोन अर्थ शेजारी शेजारी बसले होते. पहिला, एखाद्या वस्तूवरची धूळ काढून टाकणे. दुसरा, एखाद्या वस्तूवर धुळीसारखं बारीक काहीतरी पसरणे. काढणं आणि घालणं एकाच शब्दात. कपाट डस्ट केलं तर ते स्वच्छ होतं आणि केक डस्ट केला तर तो पांढरा होतो. हे दोन्ही अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत नांदताहेत. चारशेहून अधिक वर्षं झाली, पण एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढलेलं नाही.

याला कारण इंग्रजीची एक सवय आहे. ती भाषा नामाला आहे त्या कपड्यांत कामाला जुंपते. आपण 'धुरळा'चं 'धुरळणे' करतो, 'गाठ' असली तर 'गाठणे' करतो. क्रियापद व्हायचं तर शब्दाला निदान 'णे'चा पदर तरी खोचावा लागतो. इंग्रजीत 'धूळ' हा शब्द सरळ उठून क्रियापदाच्या जागेवर जाऊन बसतो. धुळीचं काहीतरी करायचंय एवढंच तो सांगतो. घालायची की काढायची, ते समोर कपाट आहे की केक, यावरून तुम्ही ओळखायचं. 'सीड'चंही तेच. शेताला सीड केलं तर बी पेरलं जातं आणि टोमॅटोला केलं तर बी काढलं जातं.

आपण हसायला नको. आपल्याकडेही देवळात गेल्यावर नारळ 'वाढवतात' आणि हातातली बांगडी फुटली की ती 'वाढते'. फुटण्याला वाढणं म्हणणाऱ्या भाषेच्या माणसाने दुसऱ्याच्या उलट्या शब्दाला नावं ठेवू नयेत. फरक एवढाच की आपला उलटेपणा अशुभ बोलण्याच्या भीतीतून आला आणि त्यांचा आळसातून.

केकची ओळ दुरुस्त करायला शब्द मात्र सुचेना. 'शिंपडणे' म्हटलं तर ओलं वाटतं, 'टाकणे' म्हटलं तर मूठभर. त्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. तो बागेत उभा राहूनच बोलतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत असतो. सहज म्हणून त्याला विचारलं, तर तो खो खो हसला.

"अगं, त्याला धुरळणी म्हणतात. तुझं शिक्षण काय कामाचं?"

खरंच की. द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढून मी ते विसरले होते. पाण्यातून द्यायचं औषध म्हणजे फवारणी आणि कोरडं द्यायचं म्हणजे धुरळणी. वेलीवर भुरी आली, पानांवर आणि मण्यांवर राखाडी पिठूळ थर दिसायला लागला, की आमच्याकडे गंधकाची भुकटी धुरळत. तीनशे मेशची, म्हणजे मैद्याहून मऊ. ज्या यंत्राने धुरळायची त्यालाही डस्टरच म्हणतात. यंत्र नव्हतं तेव्हा आजोबा गंधक मलमलच्या फडक्यात बांधायचे आणि ते गाठोडं वेलीवर झटकत चालायचे. झटकत! धूळ घालायला आजोबा तेच क्रियापद वापरत होते, ज्याने आई कपाटावरची धूळ काढायची. म्हणजे माझी केकवरची चूक आमच्या रानात चूक नव्हतीच.

पुढे या शब्दाच्या मागे लागले तेव्हा कळलं की धुरळणीने माणसाला आकाशातही नेलंय. १९२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॉन मॅक्रेडी नावाच्या वैमानिकाने लष्कराचं एक विमान कटाल्पाच्या झाडांवरून कमी उंचीवर उडवलं आणि पानं खाणाऱ्या अळ्यांवर शिशाच्या आर्सेनेटची भुकटी सोडली. विमानातून केलेली ती पहिली धुरळणी. त्यानंतर दोन-चार वर्षांतच कापसाच्या बोंडांवरच्या सोंडकिड्यासाठी दक्षिणेकडच्या राज्यांत विमानं फिरू लागली. त्या धंद्यातल्या एका कंपनीचं नाव होतं हफ डॅलंड डस्टर्स. १९२८मध्ये तिने नाव बदललं आणि आज जगभर माणसं वाहून नेणारी डेल्टा एअरलाइन्स ती हीच. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आपल्या डस्टरचे नातेवाईक बरेच पुढे गेले म्हणायचे."

नातेवाईक हा शब्द त्याने गमतीने वापरला होता, पण तो खराच निघाला. जर्मन भाषेत 'डुन्स्ट' म्हणजे वाफ, धुकं, हवेतला पुसटपणा. तो इंग्रजी डस्टचा सख्खा भाऊ. डॅनिश भाषेतला 'डिस्ट' म्हणजे गिरणीत उडणारं पीठ. तोही त्याच घरातला. या सगळ्यांच्या मागे भाषाशास्त्रज्ञ एक फार जुनं मूळ दाखवतात. त्याचा अर्थ ढगासारखं वर उठणं, उधळणं. त्याच मुळातून लॅटिनमध्ये 'फ्यूमस' आला, म्हणजे धूर. आणि संस्कृतात आला 'धूम'. आपली धूळ म्हणजे संस्कृतातली 'धूलि', तीही याच गोतावळ्यातली मानतात. 'ध्वंस' हाही तिथलाच. आपल्याला ध्वंस म्हटलं की कोसळणाऱ्या भिंती दिसतात. त्या शब्दाच्या पोटात चुरा होऊन विखरणं आहे. आणि या सगळ्यांच्या उशाशी 'धू' हा धातू बसलेला आहे : हलवणे, झटकणे.

मला हे वाचून फार बरं वाटलं. ज्या शब्दाने चारचौघांत माझी फजिती केली, तो परका नव्हता. आपल्याच कुळातला, लहानपणी दूरदेशी गेलेला, उच्चार बदललेला कुणी चुलतभाऊ होता. आणि हवेत उठलेलं काहीतरी एवढाच जर त्या घराण्याचा मूळ अर्थ असेल, तर वाफ काय, धूर काय, पीठ काय, धूळ काय, सगळी एकच. निसर्गालाही तसंच वाटत असावं. स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने १८८०च्या सुमारास दाखवून दिलं की हवेतली वाफ धुळीच्या कणाला धरून थेंब होते. धूळ नसती तर धुक्याला अंग धरायला जागाच मिळाली नसती. डस्ट आणि डुन्स्ट हे भाऊ त्याआधी कित्येक शतकं शब्दांत एकत्र राहत होते. प्रयोगशाळेत त्यांचं नातं नंतर सापडलं.

डस्टबिनची गोष्ट तर आणखी निराळी. आपण त्या डब्यात केळ्याच्या साली टाकतो, उरलेली आमटी टाकतो; मग त्याला धुळीचा डबा का म्हणायचं? कारण तो ज्या लंडनमध्ये जन्मला तिथे कचरा म्हणजे मुख्यतः राख होती. घरोघरी शेगडीत दगडी कोळसा जळायचा. सकाळी उरायची ती राख आणि न जळलेले बारके निखारे. त्या राखेलाच ते 'डस्ट' म्हणत, नेणाऱ्याला डस्टमन, साठवायच्या जागेला डस्टयार्ड. तिथे राखेचे डोंगर उभे राहत आणि बायका चाळण्या घेऊन दिवसभर ती चाळत. बारीक राख विटांच्या मातीत मिसळायला जाई, जाड निखारे विटा भाजायला. जुन्या लंडनच्या कितीतरी भिंतींत त्याच लंडनची आदल्या दिवशीची राख आहे. डिकन्सने १८६४-६५मध्ये लिहिलेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीत सगळ्या भानगडी अशाच ढिगाऱ्यांच्या वारसाहक्कावरून होतात आणि ज्याला ते मिळतात त्याला लोक 'सोन्याचा डस्टमन' म्हणतात.

आमच्याकडेही चुलीची राख निघायची. पण ती कचऱ्यात जात नसे. आजी ती चाळून पत्र्याच्या डब्यात भरून मोरीजवळ ठेवायची. नारळाची शेंडी पाण्यात बुडवायची, राखेत टेकवायची आणि पितळेचं पातेलं असं घासायची की त्यात तोंड दिसावं. लंडनला जी घाण होती तीच निफाडला साबण होती. धूळ घालून धूळ काढायची ही करामत आजीला शब्दकोशाशिवाय येत होती.

धुळीत आपण लिहायलाही शिकलो. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरं गिरवायची. ती धूळपाटी, आणि त्यावर काढलेली मुलाची पहिलीवहिली अक्षरं म्हणजे धुळाक्षरं. जुन्या गणितज्ञांनी पाटीवरच्या आकडेमोडीला 'धूलिकर्म' असं नाव दिलं होतं. अरबांकडेही धुळीवरच्या हिशेबाला त्यांच्या भाषेतल्या धुळीचंच नाव होतं. चुकलं की तळहात फिरवायचा, धूळ पुन्हा कोरी. माझ्या वेळी धूळपाटी नव्हती. काळा फळा होता, खडू होता आणि लाकडाच्या पाठीचं डस्टर होतं. डस्टर फळा पुसायचं की माखायचं, हे मला अजून सांगता येणार नाही. दुपारपर्यंत फळा पांढरा आणि गुरुजींच्या बाह्या त्याहून पांढऱ्या. मग कुणीतरी लाडका विद्यार्थी डस्टर घेऊन व्हरांड्यात जायचा आणि ते कठड्यावर आपटायचा. गणित, भूगोल, व्याकरण, सगळं एका ढगात उठायचं आणि खालच्या मेंदीच्या कुंपणावर हळूहळू उतरायचं.

धूळ काढणं म्हणजे खरं तर तिची बदली करणं. हे मला पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागल्यावर नीट कळलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी हिशेब सांगितला होता : केर-फरशीचे इतके, भांड्यांचे इतके, "आणि डस्टिंग करायचं असंल तर त्याचे वायले." त्या डस्टिंग करतात म्हणजे काय करतात? पंख्याची पाती पुसली की धूळ पलंगावर येते. पलंग झटकला की फरशीवर. पुस्तकं फडक्याने पुसली की फडक्यात. आणि मग त्या गॅलरीत जाऊन फडकं झटकतात. एकदा खालच्या काकूंनी गच्चीऐवजी गॅलरीतच साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. त्यांचा आवाज तीन मजले चढून आला.

"अहो, तुमचं साफ होतंय, पण आमचं घाण होतंय!"

त्या दिवशी शब्दकोशातल्या त्या दोन अर्थांचं भांडण माझ्यापुरतं मिटलं. ते दोन अर्थ नव्हतेच. एकच क्रिया होती, दोन मजल्यांवरून पाहिलेली. वर जे झटकणं होतं, तेच खाली भुरभुरणं.

पृथ्वीही असंच करते. सहाराचा वारा तिथल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या तळाची माती उचलतो आणि अटलांटिक महासागरावरून पलीकडे नेतो. उपग्रहांच्या नोंदींवरून नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१५मध्ये मांडलेला हिशेब असा आहे की दरवर्षी सरासरी सुमारे २ कोटी ७७ लाख टन धूळ अमेझॉनच्या खोऱ्यावर उतरते. तिच्यात सुमारे २२ हजार टन फॉस्फरस असतो. पावसाने धुपून त्या जंगलातून जवळजवळ तेवढाच दरसाल वाहून जातो. वाळवंट आपलं अंग झटकतं आणि समुद्रापलीकडच्या अरण्याला खत मिळतं. इथे मात्र खालच्या मजल्यावरून कुणी ओरडत नाही.

मग वाटायला लागलं, धुळीकडे बघायची माणसाची नजरही अशीच मजल्यामजल्याने बदलत असणार. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की ज्या घराने तुमचं स्वागत केलं नाही तिथून निघताना पायांची धूळ झटकून टाका. तुमच्याशी आमचा संबंध संपला, तुमची धूळसुद्धा आम्हाला नको, असा त्याचा भाव. आपल्याकडे तीच कृती बरोबर उलट्या तोंडाने उभी आहे. आपण आदराच्या माणसाला म्हणतो, एकदा आमच्या घरी पायधूळ झाडा. क्रियापद झाडण्याचंच, म्हणजे काढून टाकण्याचं. पण मागणं आहे ते घालण्याचं. तुमच्या पायांवरची जी धूळ तुम्हाला नकोशी आहे, ती आमच्या उंबऱ्यावर पडू द्या. धूळभेटही तशीच. पंढरपूरला पोचलेला माणूस पाय न धुता, वाटेच्या धुळीसकट आधी देवाला भेटून येतो; आंघोळ, मुक्काम, सगळं नंतर. देवाने त्याला ओळखावं ते धुळीवरून.

आणि 'अवधूत'. लहानपणापासून दत्ताच्या देवळात ऐकलेला हा शब्द मला कधी उलगडून बघावासा वाटला नव्हता. तो त्याच 'धू'पासून आलेला आहे. अवधूत म्हणजे झटकून टाकलेला. ज्याने संसार, मानापमान, सगळं अंगावरून झटकलं तो. 'अवधूतगीते'च्या आठव्या अध्यायात या शब्दाची अक्षर अक्षर फोड केलेली आहे. तिथे 'धू'ची खूण सांगितली आहे ती अशी की त्याचं अंग धुळीने भरलेलं असतं आणि चित्त धुतल्यासारखं असतं. मी ते वाचून पुस्तक मिटलं. अंगावर धूळ घेतलेला आणि मनावरची धूळ काढलेला, एकाच अक्षरात. केकच्या कृतीपाशी मी जिथे अडखळले होते, तिथे कुणीतरी कितीतरी शतकं आधीच शांतपणे बसून होतं.

यंदा छाटणीच्या आधी दादा दोन दिवस आला होता. दाराशी थांबून त्याने चपला काढल्या, पाय एकमेकांवर घासले आणि नेहमीसारखं हसून विचारलं, "काय गं, पायधूळ कुठं झाडू?" मी म्हटलं, "झाड तिथंच. फुकट आहे, वायले पैसे नाहीत." गॅलरीतल्या गुलाबावर भुरी आल्याचं मी फोनवर रडगाणं गायलं होतं. त्याने वर्तमानपत्राच्या कागदात बांधून गंधकाची पुडी आणली होती. ती पुस्तकांच्या फळीवर ठेवत म्हणाला, "उन्हात नको टाकू, पानं जळतील. सकाळी लवकर टाक." मी हो म्हटलं आणि अर्थातच विसरले. तो परत गेला, पुडी तिथेच राहिली.

दोन दिवसांनी सकाळी सातला मावशी आल्या. डस्टिंग करताना त्यांचा हात लागून पुडी उकलली. फळीवर पिवळी भुकटी सांडली, शब्दकोशाच्या पाठीवरही. "ह्ये काय वो?" त्यांनी विचारलं. मी मुद्रितांतून मान वर न करताच म्हणाले, "गंधक आहे. द्राक्षाचं औषध. गुलाबाला आणलं होतं."

त्यांनी फळी पुसली. शब्दकोश पुसला. पिवळं झालेलं फडकं चारी टोकं धरून गॅलरीत नेलं. खाली पापड्या आहेत का, ते वाकून पाहिलं. मग वळल्या आणि ते फडकं गुलाबाच्या कुंडीवर झटकलं.